दोघींच्या नावावर सगळ्यांची गाणी

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, कानामागचा रहाडीचा, म्हणजे आमच्या नाशिकच्या रंगाच्या हौदाचा, रंग अजून निघालेला नसताना, आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटात एक मेसेज आला. वर ‘अवश्य वाचा’, खाली गुलाबाची फुलं. बहुतेक तुमच्याकडेही फिरून गेला असेल. मजकूर थोडक्यात असा: लताबाईंनी ५०,००० गाणी गायली आणि गिनीज बुकात तशी नोंद आहे. १९५० ते १९९० या ४० वर्षांत बाईच्या आवाजातलं हिट गाणं म्हणजे एकतर लता, नाहीतर आशा. तिसरं नाव सांगून दाखवा. लावणी घराघरांत नेली ती आशाबाईंनी. बायका गायल्या खऱ्या, पण चाली सगळ्या पुरुषांच्या. आणि १९९० नंतर बाईच्या आवाजातलं एकही गाणं टिकलेलं नाही. शेवटी, ‘पटलं तर पुढे पाठवा’.

गटात अंगठे आणि जोडलेले हात यांचा पाऊस पडला. मग पंचवटीतल्या एका मित्राने मला चिमटा काढला, ‘अरे, तू तर कॅसेटच्या दुकानात होतास ना? बोल की.’

होतो. कॉलेजात असताना, १९८५ ते ८८, मेनरोडजवळच्या एका बोळात कॅसेट भरून देण्याच्या दुकानात संध्याकाळी चार तास बसायचो. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाण्यांची यादी आणायचं, आम्ही विचारायचो ‘साठची की नव्वदची?’, म्हणजे किती मिनिटांची, आणि तबकडीवरून डेकवर गाणी उतरवायचो. हा धंदा कायद्यात बसत नव्हता, हे तेव्हा ना मालकाच्या मनात आलं ना गिऱ्हाइकाच्या. माझं काम दोन प्रकारचं. बाजू संपताना गाणं मधेच तुटू नये म्हणून मिनिटांचा हिशेब ठेवायचा, आणि आतल्या कार्डावर बॉलपेनने गाणं, सिनेमा, गायक अशी नावं लिहायची. या दुसऱ्या कामाबद्दल शेवटी सांगतो.

आता मेसेजकडे.

पन्नास हजारांचा हिशेब मिनिटं मोजणाऱ्या माणसाने करू नये तर कोणी करावा? कारकीर्द ६० वर्षांची धरा. वर्षाला ८३३ गाणी, म्हणजे दसरा-दिवाळीसकट रोज दोनाहून जास्त, एकही सुट्टी न घेता. त्या काळी सगळा वाद्यवृंद समोर बसवून एकदम ध्वनिमुद्रण व्हायचं. कुणाचं व्हायोलिन चुकलं की पहिल्यापासून. एका गाण्यात अख्खी पाळी जायची. गिनीजने १९७४ च्या आवृत्तीत दिलेला आकडाही पन्नास नव्हे, पंचवीस हजारांचा होता, १९४८ ते १९७४ या काळासाठी. तोही पचत नाही. वर्षाला सव्वानऊशे होतात. तेव्हा हिंदी सिनेमे वर्षाला शंभर-सव्वाशे निघायचे. एकेकात आठ गाणी धरली तर एकूण हजार, त्यात पुरुषांची एकेरी गाणीही आली. बाकीच्या भाषा जमेस धरल्या, तरी रफी, मुकेश, किशोर सगळ्यांना घरी बसवल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. रफीसाहेबांनी त्या नोंदीवर हरकत घेतलीच होती. पुढे गिनीजने ती नोंदच काढून टाकली. २०११ मध्ये आशाबाईंचं नाव आलं, ११,००० पर्यंत गाणी या आकड्यासह. आणि २०१६ मध्ये आलं पी. सुशीला यांचं नाव, १७,६९५ गाण्यांसाठी. म्हणजे ज्या पुस्तकाची शपथ घेऊन मेसेज सुरू होतो, त्या पुस्तकातला मोठा आकडा एका तेलुगू-तमिळ गायिकेच्या नावावर आहे आणि आमच्या गटातल्या एकालाही तिचं एक गाणं सांगता आलं नाही. मलाही दोनच आली.

लताबाईंना आकड्याची गरजही नाही. त्यांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आकड्याची नाही, नावाची आहे. १९४९ साली ‘महल’ आला. खेमचंद प्रकाश यांची चाल, ‘आयेगा आनेवाला’. तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! गाणं रेडिओवर वाजलं आणि ही गातेय कोण, असं विचारणाऱ्या पत्रांचा ढीग पडला. शेवटी रेडिओला तबकडीच्या कंपनीकडून खरं नाव मागवून घ्यावं लागलं. त्याच्या जवळपास अर्धशतक आधी, १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी आपल्या पहिल्या तबकड्या मुद्रित केल्या, तेव्हा गाणं संपताच त्या स्वतःचं नाव खड्या आवाजात सांगायच्या, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत आणि तिथल्या कारागिरांना गाणारं कोण हे कळायला हवं. बाईच्या आवाजाला तिचं नाव चिकटायला एवढे सायास पडले आहेत. आणि आपण एका मेसेजात डझनभर नावं पुसून मोकळे.

तर तिसरं नाव. ‘महल’च्याच वर्षी, १९४९ मध्ये, ‘पतंगा’ आला आणि शमशाद बेगम सी. रामचंद्रांबरोबर गाऊन गेल्या, ‘मेरे पिया गए रंगून’. घरात टेलिफोन नसलेल्या देशाने ते टेलिफोनवरचं गाणं पाठ केलं. शमशादबाई १९६८ च्या ‘किस्मत’मध्येही आहेत. ‘कजरा मोहब्बतवाला’ लग्नाच्या वरातीत अजून वाजतं. लोक ते आशाबाईंचं म्हणतात आणि ते अर्धंच खरं आहे. त्यातला जाड, खणखणीत आवाज शमशादबाईंचा, आणि पडद्यावर तो आहे बाईच्या वेशातल्या विश्वजीतला! हिरोच्या तोंडी बाईचा आवाज, तोही पन्नाशीला टेकलेल्या बाईचा. संगीत ओ. पी. नय्यर यांचं, ज्यांनी उभ्या कारकिर्दीत लताबाईंकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही. ‘दोघींशिवाय पानच हलत नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी चालेल. गीता दत्त यांच्याबद्दल काय सांगायचं? १९५४ मध्ये ‘बाबूजी धीरे चलना’, १९५९ मध्ये ‘वक्त ने किया’. पाच वर्षांच्या अंतरात एकाच गळ्यातून ही दोन टोकं निघाली, आणि मेसेज लिहिणाऱ्याला तो गळा आठवला नाही.

पुढची गाणी मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिली. श्रावणात शुक्रवार जवळ आला की बायका ‘जय संतोषी माँ’ मागायच्या. सिनेमा १९७५ चा, आम्ही दहा वर्षांनीही भरून देत होतो, आणि त्यातली आरती गायलीय उषा मंगेशकर यांनी. त्यांचीच ‘इन्कार’मधली ‘मुंगळा’, १९७७ ची. आरतीवाली आणि मुंगळावाली एकच, हे सांगितल्यावर एका मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी अभद्र बोललो. कॉलेजची पोरं आली की ‘आप जैसा कोई’. ‘कुर्बानी’ १९८० चा, नाझिया हसन तेव्हा १५ वर्षांची, आणि त्या एका गाण्यावर फिल्मफेअर घेऊन गेली. पडद्यावर झीनत अमान, तेव्हा गिऱ्हाईक ‘ते झीनतचं गाणं’ म्हणून मागायचं. नाव पुन्हा गेलं.

पण सगळ्यात पक्का पुरावा नाशिकच्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर सकाळी उभं राहिलात तर मिळेल. ‘इतनी शक्ती हमें देना दाता’. १९८६ च्या ‘अंकुश’मधलं, कुलदीप सिंग यांचं संगीत. गेली कित्येक वर्षं पोरं डोळे मिटून ते म्हणतात, मास्तरही म्हणतात. मी गटात विचारलं, गायलंय कोणी? ‘लता’, ‘लता’, ‘लताच’. गायलंय पुष्पा पागधरे आणि सुषमा श्रेष्ठ यांनी. पुष्पाताईंचं ‘आला पाऊस मातीच्या वासात गं’ ज्यांनी ऐकलंय त्यांना आवाज ओळखायला हरकत नव्हती. मराठीत तर ही यादी मी उगाळत बसत नाही. माणिक वर्मांचं ‘सावळाच रंग तुझा’, कृष्णा कल्ले यांचं ‘परिकथेतील राजकुमारा’, आणि कुमार गंधर्वांसारख्या डोंगराशेजारी उभं राहून ‘ऋणानुबंधाच्या’ गाणाऱ्या वाणी जयराम. ‘गुड्डी’तलं ‘बोले रे पपीहरा’ही त्यांचंच, १९७१ चं.

एक मान्य करतो. १९६० च्या दशकातल्या हिंदी गाण्यांची यादी काढली तर तीत या दोघींचं पारडं फार जड आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पारडं जड असणं वेगळं आणि दुसरं पारडंच नव्हतं म्हणणं वेगळं.

लावणीचा मुद्दा वाचून मात्र मी चहा बाजूला ठेवला. सुलोचना चव्हाण! मुंबईत वाढलेली मुलगी, सुलोचना कदम या नावाने हिंदीत गायची. १९५१ च्या ‘ढोलक’मधलं तिचं ‘चोरी चोरी आग सी’ जुने लोक अजून काढून ऐकतात. लग्नानंतर पती शामराव चव्हाण यांनी लावणीची फेक, शब्दांवरचा ठसका तिच्याकडून घोटून घेतला. मग १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’मधलं ‘सोळावं वरीस धोक्याचं’ आलं आणि पुढे ‘पाडाला पिकलाय आंबा’, ‘फड सांभाळ’, ‘कळीदार कपूरी पान’. आणि गायची कशी, तर दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून, माइकसमोर जागची न हलता. हात नाही, मुरका नाही, सगळा फड गळ्यात. लावणी ज्या घरांत वर्ज्य होती त्या घरांत ती शिरली ती या पदराआडून. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच डिसेंबरात त्या गेल्या. ‘पिंजरा’तल्या लावण्याही आशाबाईंच्या नव्हेत, १९७२ चं ‘दिसला गं बाई दिसला’ पुन्हा उषाताईंचं.

आशाबाईंची म्हणून जी लावणी सगळ्यांच्या ओठांवर येते ती ‘रेशमाच्या रेघांनी’. गायली त्यांनीच, फक्कड गायली. शब्द शान्ता शेळके यांचे. आणि चाल आनंदघन यांची. हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. म्हणजे लिहिणारी बाई, चाल लावणारी बाई, गाणारी बाई. ‘चाली सगळ्या पुरुषांच्या’ या मुद्द्याला मेसेजातल्याच मुद्द्याने परस्पर उत्तर दिलं, मला फार कष्ट पडले नाहीत. ‘ऐरणीच्या देवा तुला’ हेही आनंदघनांचंच. हिंदीत उषा खन्ना १९५९ मध्ये ‘दिल देके देखो’ घेऊन आल्या आणि ‘छोडो कल की बातें’ची चाल त्यांचीच, जी पंधरा ऑगस्टला आपल्या चौकात वाजते. त्यांच्याही आधी, १९३६ च्या ‘अछूत कन्या’त, सरस्वती देवी होत्या. पुढे चला.

राहिलं १९९० नंतरचं. ‘टिकणं’ म्हणजे किती वर्षं, हे मेसेज सांगत नाही. मी दुकानात बसायचो तेव्हा ‘महल’ ३६ ते ३९ वर्षांचा होता आणि आम्ही त्याला ‘जुनं सोनं’ म्हणून वेगळ्या फळीवर ठेवायचो. अनुराधा पौडवाल यांची ‘आशिकी’ १९९० ची. आज ती गाणी तेवढ्याच वयाला पोचली आहेत, आणि रिक्षात बसलात की भेटतात. अलका याज्ञिक आणि इला अरुण यांचं ‘चोली के पीछे’ १९९३ चं. त्यावर तेव्हा किती आरडाओरडा झाला, तेव्हा ओरडणारेच आता नातवाच्या बारशाला त्यावर टाळ्या देतात. मराठीत ‘वाजले की बारा’ बेला शेंडे यांचं, ‘नटरंग’मधलं, २०१० पासून एकही हळद त्याच्यावाचून झालेली मी पाहिली नाही. ‘जोगवा’तल्या ‘जीव रंगला’साठी श्रेया घोषाल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’मधलं ‘आताच बया का बावरलं’ही त्यांचंच, आणि यंदा तिवंधा चौकात रहाडीत उड्या पडत होत्या तेव्हा स्पीकरवर तेच होतं. माझ्या शेजारी डोक्यापासून पायांपर्यंत रंगलेला जो गृहस्थ ते तोंडपाठ म्हणत होता, त्यानेच दुसऱ्या दिवशी हा मेसेज गटात टाकला.

हे सगळं मी गटात लिहिलं. अर्ध्या लोकांनी वाचलं नसावं. एकाने ‘म्हणजे तुला लता आवडत नाही’ असा निष्कर्ष काढला. पंचवटीवाल्याने मात्र काही न बोलता एक फोटो पाठवला. त्याच्या ताईच्या ट्रंकेत सापडलेली कॅसेट, आमच्याच दुकानात भरलेली, नव्वदची. आतलं कार्ड उघडून ठेवलेलं. निळी शाई थोडी फुटलीय, पण अक्षर माझं आहे यात शंका नाही. ‘ब’ बाजू, तिसरं गाणं: ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे, ब्रह्मचारी, रफी–लता’.

ते रफी आणि सुमन कल्याणपूर यांचं आहे. मानधनाच्या हक्कावरून लता-रफी यांचं बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत, तेव्हा अनेक युगुलगीतं सुमनताईंनी पेलली. तबकडीच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. आवाज ऐकला आणि लिहून टाकलं.

मी त्याला म्हटलं, कार्ड काढून मला दे, दुरुस्त करून देतो. तो म्हणाला, ताई देत नाही म्हणतेय, जवळपास चाळीस वर्षं ती ते लताचं म्हणूनच ऐकतेय.