संघटनेच्या फायली रद्दीत घालू नका

आपल्याकडे विद्यापीठाचा इतिहास म्हणजे काय, तर कुलगुरूंच्या फोटोंची रांग आणि सुवर्णमहोत्सवाला काढलेली गुळगुळीत कागदाची स्मरणिका. इमारत कधी झाली, दीक्षांत समारंभाला कोण आलं, कुठला विभाग कधी सुरू झाला, हे सगळं त्यात मिळतं. पण तिथे शिकवणाऱ्यांना हातात पगार किती पडायचा, सही किती रुपयांवर करावी लागायची, एप्रिलमध्ये कुणाकुणाला घरी बसवायचे आणि सुट्टीचा पगार वाचवून जूनमध्ये परत नवी ऑर्डर कशी द्यायचे, याबद्दल एक ओळ नसते. ते सगळं लिहिलेलं आहे, पण ते आहे प्राध्यापक संघटनांच्या दप्तरात, आणि ही दप्तरं आत्ता आपल्या डोळ्यांदेखत रद्दीत चालली आहेत. म्हणून लिहितेय, पोस्ट लांब होणार आहे, पण वाचा.

संघटनेचं दप्तर राहतं कुठे हे बाहेरच्यांना माहीत नसतं. राज्यभरच्या प्राध्यापक संघटनांचा महासंघ एमफुक्टो, आणि मुंबईची बुक्टू, नागपूर-अमरावतीची नुटा, कोल्हापूरची सुटा ही नावं मोठी आहेत, पण जिल्ह्याच्या नाहीतर कॉलेजच्या पातळीवरच्या युनिटला ना ऑफिस असतं ना शिपाई. सेक्रेटरी झालेल्या सरांच्या घरी एक कपाट असतं, निवडणूक झाली की ते कपाट रिक्षात घालून दुसऱ्या सरांच्या घरी जातं, आणि मग कधीतरी सर रिटायर होतात, नवीन सेक्रेटरीला जुने कागद नको असतात, सगळं माळ्यावर जातं. पुढे सर जातात, मुलं पुण्यात नाहीतर अमेरिकेत, फ्लॅट विकायला काढला की रद्दीवाला येतो. मुलांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की हे काय आहे.

आमच्या भागातलं असं एक दप्तर सध्या माझ्याकडे आहे आणि रोज रात्री जेवण झालं की मी त्यातलं थोडं थोडं वाचते. त्यातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट कुठली म्हणाल तर प्रोसिडिंग बुक. लांब, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची वही. प्रत्येक सभेची तारीख, हजर सभासदांच्या सह्या, मग ठराव, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. एका पानावर "सर्वानुमते" खोडून वर "बहुमताने" लिहिलंय आणि खोडलेल्या जागी दोन सह्या आहेत. म्हणजे त्या दिवशी कुणीतरी विरोध केला आणि तो नोंदवायला लावला. ठराव होता परीक्षेच्या कामावर बहिष्कार घालावा की नाही याचा. बाहेर पत्रकात मात्र "सर्व प्राध्यापक एकमुखाने" असं छापलेलं, ते पत्रकही त्याच फायलीत टाचलेलं आहे. ही दोन पानं शेजारी ठेवून वाचली की संघटना म्हणजे काय असते ते जितकं कळतं तितकं कुठल्या भाषणातून कळत नाही. माणसं घाबरलेली होती, घरी कर्जं होती, विद्यार्थ्यांचं वर्ष जाईल याचं खरोखर वाईट वाटत होतं, आणि तरी ती उभी राहिली.

त्याच फायलीत सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं आहेत, शाई मागच्या बाजूला उतरलेली, टाचण्या गंजून कागदाला भोकं पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. संप निधीची यादी आहे. नाव, रक्कम, सही. दहा रुपये, पंचवीस रुपये, एका नावापुढे नुसतं "पुढच्या महिन्यात" आणि खाली दुसऱ्या शाईने "मिळाले". १९८७ चा देशव्यापी संप, प्राध्यापकांच्या पगाराबद्दलच्या मेहरोत्रा समितीच्या शिफारशी, नवीन वेतनश्रेणी, हे सगळं आपण बातमीसारखं ऐकलेलं असतं, पण तो संप एका तालुक्याच्या गावात कुणाच्या दहा रुपयांवर चालला हे फक्त या यादीत आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

आता कुणी म्हणेल भावना ठीक आहेत, उपयोग काय? उपयोग सांगते, आणि इथे थोडं कायद्यात जावं लागेल.

गोव्यात करंझाळेच्या एका शाळेतल्या शिक्षिकेला कामावरून काढलं, तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९८८ चा सुंदरंबळ खटला तो हाच. सुप्रीम कोर्टाच्याच बंगलोर वॉटर सप्लाय निकालाने १९७८ मध्येच शिक्षणसंस्था या कायद्याच्या अर्थाने "उद्योग" ठरल्या होत्या, पण १९८८ मध्ये कोर्टाने सांगितलं की संस्था उद्योग असली तरी शिक्षक "कामगार" नाही, कारण शिकवणं हे ना अंगमेहनतीचं काम, ना कारकुनी, ना तांत्रिक, ना देखरेखीचं. गंमत नाही ही, याचा परिणाम असा झाला की त्या कायद्याखाली कामगाराला कामगार न्यायालयाचा जो रस्ता होता तो शिक्षकाला मिळाला नाही. अमेरिकेतही १९८० मध्ये येशिव्हा विद्यापीठाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की त्या खाजगी विद्यापीठाचे प्राध्यापक हे व्यवस्थापनाचाच भाग आहेत, म्हणून संघटित वाटाघाटीचा हक्क त्यांना नाही. एका देशात आम्ही कामगार होण्याइतके साधे नाही, दुसऱ्या देशात आम्ही मालकाच्या बाजूचे! मग प्राध्यापकाने जायचं कुठे? आपल्याकडे विद्यापीठ कायद्यात न्यायाधिकरण आहे, त्याच्यावर हायकोर्ट आहे, आणि दोन्हीकडे चालतो तो कागद. नेमणुकीची जाहिरात, ऑर्डर, विद्यापीठाचं मान्यतापत्र, सेवापुस्तकातली नोंद. कॉलेजकडे मागितलं तर "सापडत नाही" हे उत्तर ठरलेलं, त्यामुळे संघटनेच्या फायलीत झेरॉक्स असली तर असली.

नेट-सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा, त्यांचंच बघा ना. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट नसताना लागलेले हजारो प्राध्यापक, आमच्यातल्या कितीतरी जणांची अख्खी नोकरी या दोन तारखांच्या मध्ये अडकली. पोस्टची जाहिरात झाली होती का, निवड समिती रीतसर होती का, विद्यापीठाने मान्यता दिली होती का, हे वीस वीस वर्षांनी सिद्ध करायची वेळ आली. २०१३ मध्ये एमफुक्टोने परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला त्यात हा प्रश्न अगदी वर होता. तो बहिष्कार फेब्रुवारीत सुरू झाला आणि मे उजाडला, ७१ दिवसांचा पगार कापला गेला आणि त्या पगारासाठी पुढे वर्षानुवर्षं भांडावं लागलं. त्यांची सेवा नियमित करणारा २७ जून २०१३ चा जीआर निघाला खरा, पण त्यात सेवा त्या तारखेपासून धरली, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतरच्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणजे १९९३ ला लागलेला माणूस पेन्शनच्या हिशेबात २०१३ चा! मग परत कोर्ट, परत जुने कागद शोधा. ज्यांच्या युनिटने फायली जपल्या होत्या त्यांना त्या काळात काय आधार झाला हे ज्यांनी धावपळ केली त्यांना विचारा.

या बाबतीत नुटाचं मी मनापासून कौतुक करते. प्रा. बी. टी. देशमुख सरांची शिस्त सगळ्यांना माहीत आहे, सर विधान परिषदेत होते तेव्हाही आणि संघटनेतही, बोलायचं ते कागद हातात घेऊन. नुटा बुलेटिन बघितलंय का कुणी? बारीक टाइप, पानंच्या पानं जीआर, कोर्टाचे निकाल, पत्रव्यवहार, आमसभेची कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त. वाचायला सोपं नाही, पण आज एखादा जुना आदेश हवा असेल तर सरकारच्या साइटवर सापडणार नाही तो तिथे सापडतो. छापून शेकडो घरांत पोचलेला कागद एका कपाटाबरोबर मरत नाही, हे त्यांनी फार आधी ओळखलं होतं.

बाहेर हे काम किती गंभीरपणे करतात ते वाचून मला खरंच हेवा वाटतो. डेट्रॉइटमध्ये वेन स्टेट विद्यापीठात वॉल्टर रॉयथर लायब्ररी आहे, मोटार कामगारांच्या नेत्याच्या नावाची, आणि तिथे कामगार संघटनांबरोबर शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचेही कागद खोक्याखोक्यांत, फोल्डरवार यादी करून ठेवलेत. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापकांच्या युनियनचे कागद टॅमिमेंट लायब्ररीत. इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठाने १९७३ मध्ये मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटर काढलं, विद्यापीठ शिक्षकांच्या जुन्या संघटनेचं दप्तर तिथे आहे. म्हणजे विद्यापीठाची लायब्ररी विद्यापीठांशीच भांडणाऱ्या संघटनेचे कागद सांभाळते, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत भारतीय कामगार चळवळीचं अभिलेखागार आहे, कामगार इतिहासकारांच्या संघटनेबरोबर सुरू केलेलं. आयटक या कामगार संघटनांच्या देशव्यापी महासंघाची स्थापना १९२० साली मुंबईत झाली, त्याचे एक संस्थापक ना. म. जोशी आपल्याच मातीतले, त्यांची कागदपत्रं दिल्लीत जपून ठेवलीत. म्हणजे गिरणी कामगार, रेल्वे कामगार यांचा इतिहास आहे हे मान्य झालंय. प्राध्यापकालाच अजून आपण श्रमाच्या इतिहासात आहोत असं वाटत नाही, हे माझं खरं दुखणं आहे. शिक्षक कामगार नाही या कोर्टाच्या व्याख्येत आम्ही स्वतःच स्वतःला बसवून घेतलंय. दुसऱ्यांच्या चळवळीवर पीएचडी करवून घेणारे गाईड आपल्याच संघटनेची वही माळ्यावर टाकतात.

स्कॅन करून ड्राइव्हवर टाका की, असं तरुण मंडळी लगेच म्हणतात. करा, जरूर करा, पण तेवढ्याने भागत नाही. ज्याच्या मेल आयडीवर ड्राइव्ह आहे तो रिटायर झाला की पुन्हा तेच, कपाटाचा पासवर्ड झाला एवढाच फरक. आणि "आयएमजी शून्य शून्य सत्तेचाळीस" अशा नावाच्या हजार फोटोंतून कुणाला काय सापडणार? यादी हवी. कुठल्या वर्षाचं, कुणी कुणाला लिहिलेलं, कशाबद्दल, किती पानं. हे काम कंटाळवाणं आहे, पण आपल्याच लायब्रेरियन सहकाऱ्यांना ते येतं, त्यांना कुणी विचारलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. फायलींत लोकांच्या खाजगी गोष्टी असतात. कुणावर चौकशी लागली, कुणी माफीचं पत्र दिलं, एखाद्या मॅडमनी प्राचार्यांविरुद्ध तक्रार केली आणि मग मागे घेतली. हे उद्या व्हॉट्सॅपवर फिरलं तर? त्यावर उपाय जगभर आहे, तक्रारींच्या फायली वेगळ्या काढायच्या आणि ठरावीक वर्षं बंद ठेवायच्या, तीस म्हणा, पन्नास म्हणा. सरकारी कचेरीतसुद्धा अ वर्गाचा कागद कायमचा ठेवतात आणि ड वर्गाचा वर्षभरात काढून टाकतात, राज्याचा २००५ चा अभिलेख कायदा पण आहे. संघटनेला असा नियम कुणी लावलेला नाही, म्हणून आपणच लावून घ्यायचा. पण भीतीपोटी जाळून टाकणं हा उपाय नाही, आणि असं झालेलं मी ऐकलंय.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती सीएचबीवाल्यांची, म्हणजे तासावर नेमलेल्यांची. आमच्या पिढीचं निदान काहीतरी कागदावर आहे. आज तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलंमुली, नेट झालेली, पीएचडी झालेली, तासाच्या हिशेबाने जगणारी, त्यांची नेमणूक, त्यांचं बिल, ते कधी मिळालं, याची नोंद कोण ठेवतंय? त्यांची आंदोलनं व्हॉट्सॅप ग्रुपवर ठरतात, ग्रुप डिलीट झाला की आंदोलनाचं दप्तर गेलं. वीस वर्षांनी कुणी विचारलं की २०२० च्या आसपास महाराष्ट्रातली कॉलेजं चालवली कुणी, तर उत्तर द्यायला कागदच नसेल. कायम सभासदांच्या संघटनांनी त्यांना सभासद करून घ्यावं की नाही यावर वाद आहेत, ते होत राहतील, पण त्यांची निवेदनं, बिलं, नेमणुकीची पत्रं आपल्या दप्तरात ठेवायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

आमच्या येत्या आमसभेत मी ठराव मांडणार आहे. युनिटचं सन २००० पूर्वीचं सगळं दप्तर यादी करून एखाद्या सार्वजनिक किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लेखी कराराने द्यावं, मालकी संघटनेची, सांभाळ ग्रंथालयाचा, तक्रारींच्या फायली चाळीस वर्षं बंद, बाकी सगळं कुणालाही वाचायला खुलं. आणि सीएचबी सहकाऱ्यांच्या कागदांसाठी आत्तापासून वेगळी फाइल उघडावी. अनुमोदक मिळालेत, विरोधही होणार हे माहीत आहे.

तोवर एक विनंती. तुमच्या आईवडिलांपैकी कुणी प्राध्यापक होतं, संघटनेत होतं, आणि घरात अशी पिशवी, ट्रंक, वही काहीही असेल, तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मला मेसेज करा. फाटलेलं, भिजलेलं, वाळवी लागलेलं चालेल. फक्त टाचण्या ओढून काढू नका, कागद फाटतात, आणि गठ्ठे ज्या क्रमाने बांधलेत तसेच राहू द्या. १९७७-७८ च्या ५४ दिवसांच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपातलं आणि १९८७ च्या संपातलं कुठलंही स्थानिक पत्रक असेल तर ते मला आधी हवंय, कारण त्या दोन वर्षांच्या आमच्या फायली अर्ध्याच आहेत.