गंज फासला म्हणजे रणगाडा खरा होत नाही

रणगाड्यांची मॉडेल्स करणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं असं की लढाईतला रणगाडा गंजलेलाच असतो, म्हणून जितका गंज जास्त तितकं मॉडेल अस्सल. पुढे चार सूचना: सगळीकडे गंजाचे ओघळ काढा, प्रत्येक कडेला रंग उडवा, चिखलासाठी कुंडीतली माती वापरा आणि पावसाळ्यात रंगकाम बंद ठेवा. ठाण्यातली नवी मुलं हे वाचून महागामोलाची किट्स नारिंगी करून टाकताहेत, म्हणून लिहायला बसलो.

आधी गंज. चिलखत जाड पोलादाचं, त्यावर प्रायमर, त्यावर रंग. रंग उडालेल्या जागी एक-दोन दिवसांत तांबूस झाक येते, हे खरं. पण हातभर लांब ओघळ उतरायला वर्षं लागतात. ते दिसतात उघड्यावर टाकून दिलेल्या रणगाड्यांवर, आणि मेसेजमधला सल्ला तशाच फोटोंवरून आलेला दिसतो. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानातल्या लोंगेवालाच्या वाळूत रुतलेले पाकिस्तानी टाइप ५९ रणगाडे आठवा. कोरडी थंडी, भोवती वाळवंट. तिथे गंजाचे ओघळ येणार कुठून? त्यांना धूळ हवी, भरपूर धूळ. सायलेन्सर मात्र खुशाल गंजवा, कारण तो पातळ पत्र्याचा असतो आणि उष्णतेने त्याचा रंग जळून जातो. ट्रॅकवरही, म्हणजे चाकांभोवतीच्या पोलादी पट्ट्यावरही, गंज चढतो, पण रणगाडा चालता असेल तर जमिनीला टेकणारा भाग घासून चकाकतो आणि गंज खाचांपुरता उरतो. अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या बऱ्याच ट्रॅकना रबराचे पॅड होते. त्यावर गंजाचा रंग लावलेला बघवत नाही.

खात्री करायची असेल तर घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामावर उभं असलेलं पोकलेन जवळून बघा. बकेटचे दात उघडे, घासून पांढरे पडलेले. पिवळा रंग उडालाय तो ऑपरेटर पाय ठेवून चढतो त्या पायरीवर आणि दाराच्या कडेला. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली तेलकट काळा डाग, त्यावर धुळीचा थर. गंज शोधावा लागतो. आणि हे खाडीच्या दमट हवेत, जिथे खिडकीची ग्रिल बघता बघता सडते.

रंग उडवण्याचं गणित तर साधं आहे. १/३५ प्रमाणात मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर. ब्रशने २ मिमीचा टवका काढलात की खऱ्या रणगाड्यावर ७ सेंटिमीटरचा तुकडा उडाला. स्पंजचा बारीक तुकडा घ्या, रंग टिश्यूवर जवळजवळ संपेपर्यंत टिपा आणि हॅचच्या, म्हणजे आत उतरायच्या झाकणांच्या, कडा, मडगार्डची टोकं, माणसं चढतात त्या जागा, एवढ्यावरच टेकवा. रंग चंदेरी नको, काळपट तपकिरी घ्या. खालच्या थराचाही विचार करा. जर्मन रणगाडे फेब्रुवारी १९४३ पासून गडद पिवळ्या रंगात येऊ लागले. त्याआधीच्या करड्या रणगाड्यावर नंतर पिवळा चढवला असेल तर टवक्यातून आधी करडा दिसायला हवा.

कुंडीतल्या मातीचा एक मिमीचा कण याच हिशोबाने खडीएवढा होतो, शिवाय आपल्या हवेत तिला बुरशी धरते. पिगमेंट पावडर, म्हणजे रंगाची अगदी बारीक पूड, वापरा, आणि रंग लढाईच्या जागेचा निवडा, आपल्या सोसायटीच्या बागेचा नको.

राहिला पावसाळा. यात तथ्य आहे, पण ते स्प्रे कॅनपुरतं. कॅनमधलं द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि मॅट वार्निशवर पांढुरकी साय धरते. त्यासाठी जून ते सप्टेंबर हात बांधून बसायची गरज नाही. पाण्यात मिसळणारं मॅट वार्निश ब्रशने पातळ हातात लावा, रात्रभर वाळू द्या. जुलैतही नीट बसतं. स्प्रे कॅन उघडायचा तो उघडिपीचा दिवस बघून.