आधी किनारा, मग बोटी

हल्ली गावी फोन केला की एकच वाद ऐकू येतो. आमच्या खाडीच्या तोंडाशी मरीना, म्हणजे खासगी बोटी लावायचं बंदर बांधावं, खासगी बोटी येऊ द्याव्यात, त्याशिवाय कोकणात पैसा येणार नाही, असं एका बाजूचं म्हणणं. यॉट हा श्रीमंतांचा शौक, तो आला की रापणवाल्यांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची, वाळू गेलीच, असं दुसऱ्या बाजूचं. मी नॉर्वेत, क्रिस्तियानसानजवळ राहतो आणि उन्हाळ्यात बोटीने हिंडतो, म्हणून दोन्ही बाजूंना माझ्याकडून नॉर्वेचा दाखला हवा असतो. तो दाखला मात्र दोघांनाही पुरता सोयीचा नाही.

आमची बोट म्हणजे दोन कुटुंबांनी मिळून घेतलेली जुनी लाकडी 'स्नेक्के'. दोन्ही टोकांना निमुळती, छोटं डिझेल इंजिन, वेग बेताचा. ती घेऊन क्रिस्तियानसानहून लिलेसानकडे निघालं की वाटेत ब्लिन्डलाया लागते. एका बाजूला मुख्य भूमी, दुसऱ्या बाजूला बेटं आणि खडकांची रांग, आणि मधून जाणारी अरुंद पाणवाट. बाहेर समुद्र खवळलेला असला तरी लाटा त्या रांगेवर फुटतात, म्हणून आतून लहान बोटही निर्धास्त जाते. वाटेत ब्रेकेस्टो आणि गामले हेल्लेसुंड ही जुनी बंदरं येतात. शिडाच्या जहाजांच्या काळात अनुकूल वारा येईपर्यंत जहाजं इथं थांबून राहत. आता तिथं पांढरी लाकडी घरं आहेत, उन्हाळ्यात गर्दी असते, पोरं धक्क्यावरून दोरीला आमिष बांधून खेकडे धरत बसतात. आम्ही एखाद्या खडकाला दोर बांधतो आणि दुपारभर पोहतो. कधी शेजारी कोट्यवधींची मोटरबोट येऊन बांधली जाते. त्या खडकावर तिच्या मालकाचा जेवढा हक्क, तेवढाच आमचा.

हा हक्क चालत आलेल्या वहिवाटीचा, आणि १९५७ साली तो कायद्यात लिहिला गेला. शेत किंवा घराचं आवार नसलेल्या मोकळ्या जमिनीवर, मग ती खासगी मालकीची का असेना, कोणीही चालावं, पोहावं, थोडा वेळ बोट लावावी. घरापासून दीडशे मीटर दूर तंबूही ठोकता येतो. दुसरा आधार बांधकामाच्या कायद्याचा: समुद्रापासून १०० मीटरच्या पट्ट्यात नवं बांधकाम करायला मुळात बंदी. किनाऱ्यावरच्या बांधकामाला वेसण घालणारा कायदा इथं १९६५ पासून आहे.

गावच्या मंडळींना वाटतं तसा इथं सगळा आनंदीआनंद मात्र नाही. नगरपालिका या बंदीतून सूट देत राहतात, आणि ओस्लोच्या फ्योर्डकाठी, म्हणजे जमिनीत आत घुसलेल्या समुद्राच्या फाट्याकाठी, सुट्टीच्या घरांनी, खासगी धक्क्यांनी मोठा किनारा अडवला आहे. त्यावर भांडणं चालू असतात. सांडपाणी आणि शेतीतून येणाऱ्या खतांमुळे त्या फ्योर्डची तब्येत इतकी ढासळली आहे की आग्नेय किनाऱ्याच्या पट्ट्यात २०१९ पासून कॉड मासा धरायला मनाई आहे. पण इथल्या भांडणात एक गोष्ट गृहीत असते: किनारा सगळ्यांचा, आणि सूट मागणाऱ्यानं कारण द्यायचं.

आपल्याकडे उलटं चाललंय, आणि त्याचा मला राग येतो. २०११ च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम ठरवणाऱ्या अधिसूचनेत खाडीकाठी भरतीरेषेपासून १०० मीटर, किंवा खाडीच्या रुंदीइतका पट्टा, यांपैकी जे कमी असेल ते नियमाखाली होतं. २०१९ च्या अधिसूचनेनं त्या १०० मीटरचे ५० केले. म्हणजे बोटींचा वाद सुरू व्हायच्या आधीच काठ निम्मा सुटला. मरीना हवी की नको, यावर गाव दोन तट पाडून भांडतंय आणि या ५० मीटरबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. माझा चुलतभाऊ विचारतो, "पण आमका काय गावतला?" आम्हाला काय मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. काठ एकदा कुंपणात गेला तर मरीनाच्या मालकाला गावतला, भावाच्या हाती फार तर पहारेकऱ्याची नोकरी पडेल.

यॉटविरोधकांनाही मला एक सांगायचंय. खासगी बोट ही कोकणाला परकी गोष्ट नाही. गाबितांच्या, कोळ्यांच्या दारात ती पिढ्यान् पिढ्या आहे. पर्यटक त्याच होड्यांतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातात, डॉल्फिन पाहायला जातात. प्रश्न त्या फेऱ्या सुरक्षित करण्याचा आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून माणसं दगावली. प्रत्येक वेळी चार दिवस लाइफ जॅकेटची चर्चा होते. नॉर्वेत आठ मीटरपेक्षा लहान बोट चालू असताना उघड्यावर बसलेल्या प्रत्येकानं जॅकेट घालायचं, हा २०१५ पासून कायदा आहे. १९८० किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आठ मीटरपेक्षा मोठी किंवा २५ अश्वशक्तीहून जास्त इंजिनाची बोट चालवायची तर परीक्षा द्यावी लागते. पोहणाऱ्यांच्या ५० मीटरच्या आत वेग पाच नॉटवर आणायचा. अडचणीत सापडलात तर १८९१ साली स्थापन झालेली, सभासदांच्या वर्गणीवर आणि स्वयंसेवकांवर बरीचशी उभी असलेली बचावसंस्था येते. आपल्याकडे हे काम अजूनही बहुतेक वेळा जवळचा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा नाखवा, जाळं सोडून करतो. त्याला त्यासाठी प्रशिक्षण, वायरलेस संच आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी का मिळू नये?

नॉर्वेची नक्कल कोकणात चालणार नाही, हेही खरं. आपल्याकडे ब्लिन्डलायासारखी बेटांची आडोशाची भिंत नाही. पावसाळ्यात समुद्र बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी, खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे. आपली पाणवाट आत आहे: दाभोळची खाडी, बाणकोट, जयगड, कर्ली, तेरेखोल. तिथं मोठ्या मरीनापेक्षा गावागावात साधा धक्का, नळ, स्वच्छतागृह आणि बोट बांधायला चार मजबूत कडी पुरतील. त्यांची देखभाल मच्छीमार सोसायटीकडे द्यावी आणि बाहेरच्या बोटीनं रात्रीचं भाडं तिलाच भरावं. पैसा गावात येण्याची ही वाट मला मरीनापेक्षा कितीतरी जवळची वाटते.

किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यांवर जनसुनावणी होते, हरकती घेतल्या जातात. भावाला मी सांगितलंय की पुढची सुनावणी चुकवू नको, आणि मरीनाबद्दल बोलायच्या आधी आपल्या खाडीची भरतीरेषा नकाशावर कुठून काढली आहे ते विचार.