बोट आम्ही गळ्यात मारली नाही, साहेब

नमस्कार साहेब,

तुम्ही आमच्या भाड्याच्या बोटीला दोन तारे देऊन जे लिहिलंय ते परवा रात्री वाचलं. बोट हळू, मासा एकही नाही, पैसे चार तासांचे आणि फिरवलं तीन तासही नाही, समुद्रात नेलं नाही, सीट फाटकी, बोटीवरचा पोरगा उद्धट. आणि शेवटी, 'आम्हाला मासे धरायचे होते, मालकाने मोठी महागडी बोट गळ्यात मारली, सरळ लुबाडलं.'

आधी माफी मागतो. डाव्या बाजूच्या सोफ्याचं कव्हर शिवणीवर उसवलं होतं, ते दिसत असूनही मी आठवडाभर आज-उद्या करत राहिलो. पोरगा तुमच्या पुतणीवर ओरडला तेही चुकलं. फोटोसाठी तिने लाईफ जॅकेट काढलं होतं आणि ती कठड्यावर चढली होती, म्हणून त्याचा आवाज चढला. तरी पाहुण्यांशी असं बोलू नये. त्याला समज दिली आहे.

बाकीचं मी गिळलं असतं. 'गळ्यात मारली' आणि 'लुबाडलं' हे मात्र गिळवत नाही. गोव्यात शापोरा नदीवर शिवोली-चोपडे पूल होण्याआधी माझे वडील होडीने माणसं पार करायचे. सुटे नसतील तर उद्या द्या म्हणायचे, आणि तो उद्या कित्येकदा यायचाच नाही. त्या घरात 'लुबाडलं' हा शब्द मोबाईलवर वाचायला लागला.

तुमचा फोन आला तेव्हा काय बोलणं झालं ते लिहितो. तुम्ही म्हणालात, अकरा माणसं आहोत, फॅमिली पण फिरवायची आहे आणि आम्हा तिघांना गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचं, पण आहे, कुठली बोट घेऊ? माझ्याकडे दोन बोटी. दोन्ही पोंटून म्हणजे ॲल्युमिनियमच्या बंद नळ्यांवर सपाट तक्ता. लहान बोट दोन नळ्यांची, सहा माणसांची, चाळीस हॉर्सपॉवरची. तिच्यावर सोफे नाहीत. पुढे-मागे फिरत्या खुर्च्या, रॉड खोचायला नळकांडी आणि मासा जिवंत ठेवायला पाण्याची टाकी. मोठी तीन नळ्यांची, बारा माणसांची, नव्वदची. गोल सोफे, वर कापडी छत, टेबल. मधल्या तिसऱ्या नळीमुळे ती जास्त वजन उचलते, सगळे एका बाजूला फोटोला धावले तरी फारशी कलत नाही.

मी तुम्हाला सांगितलं होतं की पहाटे तुम्ही तिघं लहान बोट घ्या, तीन तासांचे साडेपाच हजार, आणि संध्याकाळी चार वाजता सगळ्यांना मोठ्या बोटीतून फिरवतो, दोन तासांचे साडेसात हजार. दोन्ही मिळून तेरा हजार. तुम्ही म्हणालात, दोनदा कोण निघणार, सगळे एकत्रच असू दे, मोठीच द्या चार तास. तिचे चौदा हजार होतात. म्हणजे माझं ऐकलं असतं तर तुमचे हजार रुपये वाचले असते! असा कसा मी लुबाडणारा? तुमचा 'ओके, बिग बोट फायनल' हा मेसेज अजून माझ्या फोनवर आहे. तो इथे टाकणार नाही, तेवढी लाज आहे मला.

एकाच बोटीवर दोन्ही कामं होत नाहीत असं नाही. चार माणसांचं घर असेल तर लहान बोटीवर दोन्ही मजेत होतं. पण अकरा माणसांत, त्यात पाच मुलं, म्हटल्यावर नाही होत. तक्ता ॲल्युमिनियमचा, खाली पोकळ नळ्या. वर मुलं धावली की खाली ढोल वाजतो, आणि तो पाण्यात माशाला आपल्याला ऐकू येतो त्याहून जास्त जाणवतो. तांबोशी खारफुटीच्या मुळांत दबून बसते, आवाज आला की बाहेर येत नाही. दुसरं म्हणजे छत. वारा सुटला की मोठ्या बोटीचं छत शिडासारखं वारा धरतं. नांगर टाकला तरी बोट एकदा वाऱ्याने इकडे, एकदा ओढीने तिकडे फिरते आणि तिघांच्या दोऱ्या एकमेकींत गुंततात. मोजून पाच वेळा पोराने त्या सोडवल्या.

आणि आजी. त्यांची एकादशी होती. त्या बिचाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर आमिषाच्या कोळंब्यांची बादली. लहान बोटीवर बादलीला पुढे सावलीत वेगळी जागा आहे, मोठीवर नाही. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता पदर नाकाला लावला. ते पाहून मीच बादली मागे उन्हात ठेवायला सांगितलं. तासाभरात कोळंबी मऊ पडली, गरीवर टिकेना. तुम्ही लिहिलंय 'आमिष शिळं होतं'. साहेब, ती पहाटे पाच वाजता आणलेली कोळंबी होती.

मासा एकही मिळाला नाही, हेही तितकंसं खरं नाही. तुमच्या धाकट्याने तळहाताएवढी तांबोशी धरली होती. रडून रडून त्यानेच ती परत सोडायला लावली, आणि सोडली ते बरं केलं, अजून वाढायची होती ती. व्हिडिओत दाखवतात तसला हातभर चोणक रोज मिळत नाही, तो मला स्वतःला मिळाल्याला दोन महिने झाले.

आता वेळ. तुम्ही लिहिलंय 'आम्हाला थोडा उशीर झाला'. ठरलं होतं साडेसहा. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, भोंगा वाजवत धक्क्यावर आला, मी आणि पोराने गरम पाव घेतले, चहात बुडवून खाल्ले, पोदेर परतीच्या वाटेवर पुन्हा भेटला, तेव्हाही तुम्ही नव्हता. तुमच्या दोन गाड्या लागल्या तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. जॅकेट चढवून बोट सुटेपर्यंत आठ पस्तीस.

हॉटेलात उशिरा गेलात तर फार तर भाजी गार मिळते. नदीचं तसं नाही. आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. एकादशी, म्हणजे अकराची पाऊणपट सव्वाआठ. साडेसहाला निघालो असतो तर चढत्या पाण्यात आत शिरलो असतो, आणि मासा चरतो तो वेळ, भरती चढताना आणि वळताना, तुमच्या हातात असता. तुम्ही निघालात ते सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यावर. नदीच्या ज्या फाट्यात मी तुम्हाला नेलं त्याच्या तोंडाशी गाळाचा उंचवटा आहे. बोटीच्या नळ्या फूट-दीड फूटच बुडतात, पण मशिनचा पंखा त्यांच्याही खाली असतो. साडेअकरानंतर तिथून भरलेली मोठी बोट काढायची म्हणजे पंखा चिखलात. मग अडीचपर्यंत पाणी उतरणार, त्यानंतर चढणार, तोवर आजींना आणि मुलांना घेऊन छताखाली बसून राहायचं. म्हणून मी अकराला बोट वळवली. पुढचं गिऱ्हाईक थांबलं होतं म्हणून नाही. पुढचं बुकिंग चारचं होतं.

हे सगळं मी बोटीवरच नीट समजावून सांगायला हवं होतं, तेही मान्य. पण तेव्हा तुम्ही फोनवर होता आणि तुमचे मेहुणे समुद्रात चला म्हणून मागे लागले होते. मोरजीजवळ शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा पट्टा आहे, त्यावर लाट फुटते. पोंटून ही शांत पाण्याची बोट. समोरून उभी लाट आली तर नाक खाली घालते आणि पाणी तक्त्यावर घेते. कोणी कितीही पैसे दिले तरी मी तिथे मुलं घेऊन जाणार नाही. हळू चालवली ती एवढ्यासाठी की दोन्ही काठांना खाजणाचे, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतांचे, बांध आहेत. बोटीची लाट लागून दगड सुटले की शेतकरी तुम्हाला नाही, आम्हाला शोधत येतात.

चौदा हजार तुम्हाला जास्त वाटले. खारं पाणी ॲल्युमिनियम खातं. नळ्यांना जस्ताचे तुकडे लावावे लागतात, ते झिजले की बदलायचे. पावसाचे चार महिने दोन्ही बोटी माडाखाली झाकून ठेवतो, बँकेचा हप्ता मात्र पावसातही येतो. जाऊ दे, तो तुमचा विषय नाही.

कव्हर शिवायला दिलं आहे. बुकिंगच्या वेळी भरतीची वेळ लिहून पाठवायची असं ठरवतोय, धक्क्यावर एक फळाही लावायचा आहे, बघू. पुन्हा आलात तर तिघांना पहाटे लहान बोट देईन, दराचं तेव्हा बोलू.

आणि आजींचा स्टीलचा डबा बोटीवर राहिला आहे. झाकणावर नाव कोरलेलं आहे म्हणून तुमचाच हे कळलं. घासून ठेवला आहे. पत्ता फोनवर कळवा, कोल्हापूरच्या बसने पाठवून देतो.