शंभर वर्षं झाली म्हणून लायसन्स सुटत नाही

'हिटलरचं लुगर पिस्तूल: घरात दडलेला खजिना' हा मेसेज आमच्या काकांपर्यंत पोचला नसता तर मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. काका बँकेतून रिटायर झालेले, गाठीला चार पैसे, नाण्या-तिकिटांचा जुना नाद. त्यांनी एका विकणाऱ्याशी बोलणीसुद्धा सुरू केली. कशाच्या जोरावर? तर मेसेजमधला पाचवा मुद्दा: 'शंभर वर्षांहून जुन्या हत्याराला भारतात लायसन्स लागत नाही.'

म्हणून आधी हाच पाचवा मुद्दा घेतो. १९५९ चा शस्त्र कायदा काढा, कलम ४५ वाचा. जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालवता येणार नसेल तरच. वयाचा आकडा तिथे नाही. शंभर वर्षं येतात १९७२ च्या पुरावशेष कायद्यातून. तो मूर्ती, नाणी वगैरेंची नोंदणी आणि त्या परदेशी जाण्यावरची बंदी याबद्दल आहे. त्याने पिस्तुलाचं लायसन्स माफ होत नाही. कुणीतरी दोन कायद्यांची खिचडी केली आणि लोकांनी ती पुढे वाढली.

आणि लुगर 'चालत नाही' म्हणायची सोय नाही. आज जगभरचे पोलीस जी ९ मिमीची गोळी वापरतात, ती या पिस्तुलाचा रचनाकार जॉर्ज लुगर याने याच पिस्तुलासाठी काढली. १९१७ चं पिस्तूल असलं तरी आजची गोळी त्यात बसते. वर ९ मिमी आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेला नळीचा व्यास. विनापरवाना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं तुरुंग, जास्तीत जास्त चौदा. काका, तुम्ही आत्ता अडुसष्ट वर्षांचे आहात.

आता 'हिटलरने खास नाझींसाठी बनवून घेतलं' हा विनोद. स्वित्झर्लंडने हे पिस्तूल १९०० मध्ये घेतलं, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये, जर्मन लष्कराने १९०८ मध्ये. म्हणून तर नाव पी ०८! त्या साली हिटलर एकोणीस वर्षांचा, व्हिएन्नाच्या चित्रकला अकादमीने दुसऱ्यांदा नाकारलेला. लुगर स्वतः १९२३ मध्ये वारला. उलट पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहानंतर जर्मन फौजेला नवी लुगर पुरवायचं काम होतं जर्मनीतल्या झूल गावच्या सिमसन कंपनीकडे. मालक ज्यू. नाझींनी पुढे ती कंपनी त्यांच्याकडून हिसकावून घेतली. हे मेसेजमध्ये कसं येईल?

हिटलरने आत्महत्या लुगरने केली? नाही, वाल्थरच्या पीपीकेने. चंद्रशेखर आझादांचं पिस्तूल हेच? तेही नाही, ते अमेरिकन कोल्ट. प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. काकोरीच्या रेल्वे लुटीत माउझर पिस्तुलं होती, तीही जर्मन, पण वेगळी जात.

'शिक्का असेल तर करोडो' यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. परदेशातले संग्राहक शिक्के नि नंबर बघतातच. 'बीवायएफ' म्हणजे ओबर्नडॉर्फची माउझर कंपनी. लुगरच्या लहान सुट्या भागांवरही नंबरचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. सगळे जुळले तर भाव चढतो. पण नाझी गरुड खोटा ठोकणारेही कमी नाहीत, आणि पहिल्या महायुद्धात बनलेल्या लुगरवर तो मूळचा नसतोच.

सगळ्यात चीड आणणारा सल्ला शेवटी दिलाय: 'विकण्याआधी ब्रासोने चमकवा.' जुन्या लुगरचा घोडा (ट्रिगर), सेफ्टीचा खटका हे छोटे भाग सुक्या गवतासारखे पिवळसर असतात, बाकी अंग निळसर काळं. तो पिवळा रंग म्हणजे पोलादाला दिलेली आंच, वरून फासलेला रंग नव्हे. घासलात की तो जातो, अक्षरांच्या कडा बुजतात आणि संग्राहकाला हवं असलेलं नेमकं तेच संपतं.

कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत खरंच असं काही निघालं, तर घोडा ओढून बघू नका. मॅगझिन काढलं तरी नळीत गोळी राहू शकते. आधी वकील गाठा, मग पोलीस ठाणं. आणि काका, त्या विकणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा.