तारल्याचं पोट फाडून काय कळतं?

पावसाळ्यात मासळीबंदी लागली, बाजारात बांगड्याचे भाव चढले, की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. सार असं: ‘शास्त्रज्ञ संशोधनाच्या नावाखाली समुद्रातले मासे मारतात. पोटं फाडून त्यांना काय कळतं? अभ्यासच करायचा तर टाकीत मासे पाळा. समुद्राचं ज्ञान किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या आमच्या रापणकारांकडे आहेच. आणि या अभ्यासाने आजवर कुणाचं भलं झालंय?’ खाली हात जोडल्याचं चित्र.

‘संशोधनासाठी मासे मारतात.’ मालिमच्या किंवा कुटबणच्या जेटीवर टोपल्यापाशी पट्टी आणि वही घेऊन बसलेला माणूस दिसला, तर त्याच्यापुढचा मासा ट्रॉलरने आधीच मारलेला असतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरच्या बंदरांवर उतरलेल्या मासळीतूनच असे नमुने घेते. संशोधन नौका स्वतः जाळी टाकतात, हेही खरं. पण पर्ससीनच्या, म्हणजे अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, एका ओढीपुढे ती मासळी म्हणजे दर्यामे खसखस.

‘पोटं फाडून काय कळतं?’ इथे मात्र जरा थांबायला हवं. दोडयारे, म्हणजे ढोमे, खाताना डोक्यात दाताखाली पांढरा खडा येतो ना? तो माशाच्या कानातला चुन्याचा खडा. तारल्यात, म्हणजे सार्डीनमध्ये, तो अगदी बारीक असतो, पण असतो. झाडाच्या खोडासारखी त्यावर वर्तुळं पडतात, आणि पुष्कळ माशांच्या लहानपणी तर रोज एक. हे रोजचं वर्तुळ १९७१ साली पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं. म्हणजे मासा साधारण कधी जन्मला, कुठल्या दिवसांत भरभर वाढला आणि कधी उपाशी राहिला, ते सगळं त्या खड्यावर उतरलेलं असतं.

हे वाचायला उशीर झाला की काय होतं, ते न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या ऑरेंज रफी या खोल पाण्यातल्या माशाने दाखवलं. तो लवकर वाढतो असं धरून त्याची बेसुमार पकड झाली. खडे नीट वाचले गेले तेव्हा कळलं, की हा मासा शंभरी ओलांडतो आणि वयात यायलाच कित्येक वर्षं घेतो. तोवर त्याचे थवेच्या थवे संपले होते.

आपल्या तारल्याचं गणित उलटं. तो साधारण वर्षभरात वयात येतो आणि जेमतेम दोन-तीन वर्षं जगतो. एखाददुसऱ्या पावसाळ्यात वीण बिघडली, की पुढच्या हंगामात जाळी रिकामी. केरळात २०१२ साली चार लाख टनांच्या आसपास तारले मिळाले. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही नाहीत. हे का घडलं, ते नुसतं पाण्याकडे बघून सांगता येत नाही. महिन्या-महिन्याला गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, किती पिकली आहे ते बघावं लागतं, आणि पोटात डायॲटम, म्हणजे सूक्ष्म वनस्पती, आहेत की नाहीत तेही. तारल्याची वीण मुख्यतः जून ते सप्टेंबर, हे अशाच फाडलेल्या पोटांतून कळलं. पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची बंदी या विणीच्या हंगामात येते. त्या बंदीवर चिडून हाच मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी सप्टेंबरातली गाभोळीवाली तारली एकदा निरखून बघावी.

‘टाकीत पाळा.’ टाकीतला मासा आपण घातलेलं खातो आणि आपण ठेवलेल्या पाण्यात राहतो, त्यामुळे तो आपली टाकी कशी आहे तेवढंच सांगतो. डासांच्या अळ्या खायला आपण विहिरीत सोडतो तेच गप्पी मासे घ्या. त्रिनिदाद बेटावर ज्या ओढ्यांत मोठे शिकारी मासे आहेत, तिथले गप्पी लवकर वयात येतात. त्यांतले काही शिकारी नसलेल्या पाण्यात सोडले, तर काही वर्षांत त्यांचा वंश उशिरा वयात येऊ लागला. हा फरक रक्तातला आहे हे पक्कं करायला टाकी लागलीच; पण टाकीत बसून तो प्रश्न कुणाला सुचला नसता. आता त्या शिकारी माशांच्या जागी आपलं मासेमारीचं जाळं आहे असं धरून बघा.

‘रापणकारांना सगळं ठाऊक आहे.’ अर्धं कबूल. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत ट्रॉलरच्या जाळ्यात सीलाकँथ मिळाला, तेव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेला मासा जिवंत सापडला म्हणून जग थक्क झालं. कोमोरो बेटांवरचे मच्छीमार त्याला केव्हाचे ‘गोंबेसा’ म्हणून ओळखत होते! पण तो शंभरेक वर्षं जगू शकतो, हे २०२१ मध्ये जुन्या नमुन्यांचे खवले तपासल्यावरच कळलं. तोवर वीसेक वर्षांचा अंदाज होता. आमच्याकडेही ज्यांच्या वाडवडलांनी उरलेले तारले माडांना खत म्हणून घातले, त्यांना तारला कुठल्या वाऱ्याला किनाऱ्याशी येतो हे माझ्याहून नक्की जास्त कळतं. त्याचं वय मात्र रापण ओढून कळत नाही.

‘कुणाचं भलं झालं?’ मासळी सोडून गिधाडांकडे येतो. भारतीय उपखंडात ती झपाट्याने मरू लागली, तेव्हा आधी संशय रोगजंतूंवर होता. मग पाकिस्तानात रानात मेलेली गिधाडं उघडून तपासली. मूत्रपिंडं निकामी झालेली, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर, आणि शरीरात गुरांना देतात ते डायक्लोफिनॅक. हे २००४ साली छापून आलं आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी आणली. खात्री करायला पिंजऱ्यातल्या गिधाडांना औषध दिलेल्या जनावरांचं मांस घालून बघितलं गेलंच; पण रानातली गिधाडं उघडली नसती, तर ते कुणाला सुचलं असतं?

या मजकुरात एक गोष्ट यायला हवी होती, ती राहिली. जेटीवरून नमुना जातो, पण त्यातून काय निघालं ते जेटीवर परत येत नाही. आलंच तर इंग्रजीत, आलेखांसकट. टोपली ज्याची, त्याला आपल्या तारल्यांचं वय कुणी सांगत नाही. हे लिहिलं असतं, तर मीही तो पुढे पाठवला असता.