आत्यानं चार दिवस कुणाला सांगितलंच नाही

आमच्या आत्याचे ८६ हजार गेले. पेन्शनमधून साठवलेले. परवानगी विचारूनच लिहितोय, ती म्हणाली लिही बाबा, निदान दुसरं कुणी तरी वाचेल.

झालं असं की ऐन लग्नसराईत तिच्या व्हॉट्सॲपवर पत्रिका आली, आणि तीही ओळखीच्या वहिनींच्या नंबरवरून, म्हणजे संशय यायचं कारणच नाही. फाइलचं नाव लग्नपत्रिका, पण शेवटी डॉट एपीके. आता पत्रिका म्हणजे फोटो असतो, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ असतो. एपीके म्हणजे चक्क ॲप, प्ले स्टोअरच्या बाहेरून फोनमध्ये घुसणारं. पण हे ६७ वर्षांच्या बाईला कोण सांगणार, आम्ही तर कधी सांगितलं नव्हतं. तिनं दाबलं, फोननं विचारलं परवानगी देऊ का, तिनं दिली, मग मेसेज वाचायची मागितली, तीही दिली, आणि स्क्रीन पांढरी झाली. तिला वाटलं रेंज नाही.

आपण सगळे एकच घोकत बसतो ना, ओटीपी कुणाला सांगू नका, ओटीपी कुणाला सांगू नका. आत्यानं कुणालाच सांगितला नाही. कुणी विचारलाच नाही तिला! त्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर पलीकडे जातो. बँकेत गेलो तर तिथला माणूस म्हणतो, तुम्हीच दिला असणार. तिच्या तोंडावर. ती गप्प उभी होती आणि मला इतका राग आला होता की काय सांगू.

पण मला खरं बोलायचंय ते पुढचं. पहिले २० हजार गेले रात्री साडेनऊला आणि त्याचा मेसेज तिनं बघितला होता. उरलेले ६६ हजार गेले दुसऱ्या दिवशी दुपारी. मधे अख्खी रात्र होती, सकाळ होती, घरात मुलगा होता, सून होती, तरी ही बोलली नाही. दुपारनंतर तिनं फोन बंद करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला आणि चार दिवस सांगत राहिली, फोन बिघडलाय.

का? तर दोन वर्षांपूर्वी आमच्या काकांना केवायसीच्या नावाखाली कुणीतरी फसवलं होतं आणि दिवाळीच्या फराळाला आम्ही सगळे त्यावरून हसलो होतो. एवढे शिकलेले आणि एवढं कळलं नाही, वगैरे. मीही त्यात होतो. आत्या तिथेच चकल्या वाढत होती.

त्या हसण्याचीच ही किंमत आहे असं मला मनापासून वाटतं. कारण ह्या प्रकारात सगळा खेळ वेळेचा असतो. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेलेत ते पुढे सरकायच्या आत होल्ड करता येतात, उशीर झाला की एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, मग एटीएममधून बाहेर, संपलं. आणि रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच परिपत्रक काढलं होतं, त्यात स्पष्ट सांगितलं होतं की चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. म्हणजे त्याच रात्री बँकेला कळवलं असतं तर ते ६६ हजार आत्याच्या डोक्यावर आले नसते.

तर असं कुणाच्या फोनमध्ये घुसलंच तर आधी नेट बंद, फ्लाइट मोड लावा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० आणि बँक, खातं आणि यूपीआय ब्लॉक करायला सांगा, पासवर्ड पण दुसऱ्याच फोनवरून बदला. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. फोन फॉरमॅट करूनच परत वापरायचा. व्हॉट्सॲपचं टू स्टेप व्हेरिफिकेशन आजच लावून द्या, पाच मिनिटं लागत नाहीत. पण हे सगळं कधी उपयोगी, तर घरातलं माणूस येऊन सांगेल तेव्हा. आणि ते सांगायला आलं की पहिलं वाक्य 'तू दाबलंसच कशाला' हे नको, कृपा करून नको.

आत्याला पैशापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. तीच पत्रिका तिच्या नंबरवरून भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेली होती. ती म्हणत होती, माझ्या नावानं गेलं रे, लोक काय म्हणतील. शेवटी गेल्या आठवड्यात तिनं स्वतःच ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, सगळं सांगितलं, रक्कम सुद्धा. तासाभरात दोघींचे फोन आले, आमचंही असंच झालंय म्हणून. एकीचं तर त्याच सकाळी झालं होतं, अजून घरी कुणाला माहीत नव्हतं. आत्यानं तिला फोन ठेवूच दिला नाही, आधी मुलाला हाक मार म्हणाली, आणि त्या मुलानं तिथल्या तिथे १९३० लावला.